चासीतला पीळ

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोनचा उपयोग नाही हे गेल्या खेपेलाच कळलं. मी 'गाडी' म्हणाले, तू 'गादी' ऐकलंस आणि मला एका गादीवाल्याचा पत्ता दिलास. चाळीस वर्षं पत्रा ठोकून तुझे कान गेले, डोळे मात्र शाबूत आहेत. तेव्हा यापुढे कागदावरच बोलू.

तू इथलं गॅरेज बंद करून गेलास तेव्हा तुझ्या लाल गाडीची किल्ली लिफाफ्यात घालून मला दिलीस. सात वर्षं मी ती नुसती पुसली, आणि फार तर दुधाच्या दुकानापर्यंत नेली. आता ठरवलंय. वीस एप्रिलला इथल्या टेकडीच्या रस्त्यावर शर्यत आहे. चार किलोमीटर चढ, एकोणीस वळणं, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. मी अर्ज भरला आहे. मी आता काम करते त्या गॅरेजचे मालक म्हणाले, "ती गाडी तुझ्यापेक्षा मोठी आहे, तिचा मान ठेव." मी म्हटलं, मान ठेवायलाच नेतेय.

अडचण अशी आहे. रविवारी मोकळ्या मैदानावर शंकू मांडून तिला फिरवली. डाव्या वळणात ती शहाण्यासारखी वळते. उजव्या वळणात आधी काहीच करत नाही आणि मग सगळं एकदम करते. परत आल्यावर पुढचा एक कोपरा जॅकवर उचलला, तर दार उघडेना. मालक म्हणतात कडक स्प्रिंगा टाक. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. पिळते आहे ती चासी, गाडीचा सांगाडाच. छप्पर नसलेली गाडी म्हणजे झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका, दोन हातांनी धरून कोणीही पिळावा, हे तूच मला सोळाव्या वर्षी शिकवलंस.

तर मला ती चासी घट्ट करायची आहे. कुठून सुरुवात करू?

आई बरी आहे. गुडघा धरतो तिचा. गाडीचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जाते, ते नेहमीचंच.

तुझी,
ठिणगी


१५ जानेवारी

ठिणगे,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, घाईत टाके मारल्यासारखं.

माझं ऐकशील तर शर्यतीचं डोक्यातून काढ. गाडी म्हातारी आहे. तिला उन्हाच्या दिवशी बाहेर काढावं, एक चक्कर मारावी आणि परत आणून झाकून ठेवावं. शर्यतीच करायच्या तर मालकांकडून एखादी नवी, बंद छपराची गाडी घे. हल्लीच्या गाड्यांच्या चासी कारखान्यातच घट्ट येतात.

ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून एक सांगतो. काहीही जोडण्याआधी मोजून घे. मागची दोन टोकं भक्कम स्टँडवर जखड. पुढे चासीला आडवा लांब पाइप बांध आणि तो मधोमध एका गोल सळईवर टेकव, तराजूच्या दांडीसारखा. मग मध्यापासून एक मीटरवर वाळूची पोती टांग, ऐंशी किलो. टोक किती खाली जातं ते डायल लावून बघ. मग पोती काढून तेच दुसऱ्या बाजूला कर. डोळ्यांना चासी सरळच दिसते, डायल खोटं बोलत नाही.

जोड द्यायचेच असतील तर पुढच्या दोन सस्पेन्शनच्या माथ्यांमध्ये एक दांडी दे, आणि खाली मधल्या चौकटीत फुलीसारखे दोन पाइप. बास. दाराखालच्या डाव्या उंबरठ्याला हात लावू नकोस. तिथे जुनं डांबर आहे, ते निघता निघत नाही आणि त्याखाली बघण्यासारखं काही नाही.

ताईला गुडघ्याला शेक घ्यायला सांग. माझं नाव न घेता सांग.

मामा


६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझा तराजू केला. मागची टोकं जखडायलाच दोन दिवस गेले, कारण मालकांचे स्टँड गाडीपेक्षा जास्त हलत होते. शेवटी जमिनीत बोल्ट मारले. मालकांनी फरशीकडे बघून उसासा टाकला.

पहिलं मोजमाप: ऐंशी किलोला टोक चौदा मिलिमीटर खाली. दुसऱ्या बाजूला टांगलं तर सतरा. मी म्हटलं असेल काही चूक.

मग तू सांगितलेली वरची दांडी घातली. खालच्या फुलीसाठी मधली चौकट घासली, तर मामा, तिथे आधीचीच एक फुली होती. चारही कोपऱ्यांवर जुन्या जोडाचे घासून सपाट केलेले ठसे आहेत. म्हणजे कारखान्यानं दिलेली फुली कोणीतरी कापून काढली. वजन वाचवायला काढली असणार. ज्या गाढवानं काढली त्याला माझ्यासमोर आण. दहा किलो वाचवायला त्यानं गाडीचा कणाच काढून टाकला. तुझ्याआधी ज्याची होती त्यानंच तुझ्या गळ्यात मारली असेल, आणि तू भोळेपणानं रंग देऊन ठेवून घेतलीस.

मी त्याच ठशांवर नवीन फुली बसवली, कोपऱ्यांना तिकोनी पत्रे दिले. परत टांगलं. एका बाजूला सहा मिलिमीटर. मी मालकांना हाक मारून दाखवलं. मग दुसऱ्या बाजूला टांगलं. अकरा.

तीनदा करून बघितलं. सहा आणि अकरा, सहा आणि अकरा. चौकटीचे कर्ण मोजले तर त्यांच्यातही नऊ मिलिमीटरचा फरक आहे. ही गाडी कधी ठोकली गेली होती का? आईला विचारलं, तर म्हणाली, "मला गाड्यांतलं काय कळतं," आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

तुला काही आठवत असेल तर लिही.

ठिणगी


१४ फेब्रुवारी

ठिणगे,

गाडी चालवू नकोस. मैदानावरही नको, दुधाच्या दुकानापर्यंतही नको. अर्ज मागे घे. कर्णांचं म्हणशील तर त्या काळी चासी हातानं बनायच्या, थोडाफार फरक कारखान्यातूनच यायचा.

कारण विचारू नकोस. मी सांगतोय एवढं पुरे समज.

मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

नाही पुरत.

गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून ऐकतेय. पोरी, हे जड आहे. पोरी, ठिणगी डोळ्यात जाईल. गिऱ्हाईक येतं आणि माझ्या हातात ग्राइंडर असताना मला विचारतं, मिस्त्री कुठे आहेत? या सगळ्यांत एक माणूस असा होता की ज्यानं मला कधी 'जमणार नाही' म्हटलं नाही. आता तोही म्हणतो, कारण विचारू नकोस. म्हातारपणी तूही त्यांच्यातलाच झालास असं म्हणू का?

मोजायला तूच शिकवलंस आणि मोजून आकडा आला तर म्हणतोस बघू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला शोभत नाही. एका बाजूला सहा, एका बाजूला अकरा, याचा अर्थ मला कळत नाही असं समजू नकोस. कुठेतरी चीर आहे. एका बाजूला पिळलं की ती मिटते, दुसऱ्या बाजूला पिळलं की उघडते. ती कुठे आहे तेही मला आता कळलंय, कारण तू ज्या एका जागेला हात लावू नको म्हणालास ती एकच जागा आहे. उद्या तो उंबरठा उघडते.

२५ फेब्रुवारी

वरचं टाकलं नव्हतं. त्याच कागदावर पुढे लिहिते.

डांबर गॅसनं तापवून पट्टीनं खरवडलं. दोन दिवस लागले, हातांचा वास अजून जात नाही. त्याखाली रंग निघाला, हिरवा. मी लहान असताना तुझी गाडी हिरवी होती हे मी विसरूनच गेले होते. हिरव्याखाली, दाराच्या बरोबर मधोमध, उंबरठ्याच्या लांब पोकळ पेटीचा जोड. आत बाहीसारखा पत्रा घालून दोन तुकडे जोडलेले, आणि जोडाच्या खालच्या कडेला चीर, माझ्या करंगळीएवढी. त्यात मी नख घातलं, आत गेलं.

तो जोड मी बराच वेळ बघत बसले. मामा, बाकी कोणालाही तू फसवू शकशील. तुझ्या हाताखाली मी अठरा वर्षं वेल्डिंग केलं. प्रत्येक टाक्याच्या शेवटी तू हात किंचित मागे घेतोस आणि तिथे शेपटीसारखा एक ठिपका राहतो. ती तुझी सही आहे. या जोडावर अशा चाळीस सह्या आहेत.

म्हणजे तुला कोणी फसवलं नव्हतं. गाडी तुझ्याच हातात ठोकली गेली, आणि तूच ती जोडून वर लाल रंग दिलास.

मी आठ वर्षांची होते तेव्हा गाडी लाल झाली. त्याच वर्षी बाबा तुझ्या गॅरेजातल्या शिडीवरून पडले, त्यांचा पाय कायमचा वाकडा झाला. मोजणी खात्यातलं फिरतीचं काम सुटलं आणि ते दप्तरखान्यात बसले ते निवृत्तीपर्यंत. हे दोन्ही एकाच उन्हाळ्यात झालं, आणि मी ते आजवर एकत्र ठेवून बघितलं नव्हतं.

आता कारण विचारते आहे.

ठिणगी


९ मार्च

ठिणगे,

दहा दिवस कागद समोर ठेवून बसलो. लिहितो.

त्या टेकडीवर तेव्हाही शर्यत व्हायची. आदल्या वर्षी मी दुसरा आलो होतो, एका सेकंदानं. तो एक सेकंद मला झोपू देईना. कोणीतरी म्हणालं वजन कमी कर. मी सीटमागचा पत्रा काढला, जादा चाक काढलं, आणि मग खालची फुली काढली. तुझं ते गाढव मी. अकरा किलो निघाले, अजून आठवतं.

दाजी माझं घड्याळ बघायचे. माणूस मोजणीचा, सेकंदाचा पाचवा हिस्साही सोडायचा नाही. सरावाच्या दिवशी म्हणाले, "आज शेजारी बसतो, वळणांत कुठे वेळ जातो ते आतून बघतो." बाराव्या वळणावर गाडीनं ऐकलं नाही. मी स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली आणि मागचं अंग वेगळंच काही करायला लागलं, जसं पोतं पिळावं तसं. डावी बाजू कठड्याला धडकली. त्या बाजूला दाजी होते.

मला खरचटलंही नाही.

ताईला मी गाडीत कोणाला बसवणार नाही असं वचन दिलं होतं. दवाखान्यात मी रडायला लागलो तेव्हा दाजीच म्हणाले, "शिडी म्हणायचं. तुझ्या बहिणीला तू एकच भाऊ आहेस." ते म्हणाले म्हणून मी म्हटलं, शिडी.

इथपर्यंतचं खोटं दोघांचं. पुढचं माझं एकट्याचं. दाजींनी विचारलं, नेमकं काय झालं? मी म्हटलं, टायर फुटला. माझ्या हावेपायी तुमचा पाय गेला, हे मला म्हणवलं नाही. तीन आठवडे दार लावून गाडी जोडली, लाल केली, आणि पुन्हा शर्यतीला नेली नाही. फुली परत बसवायला हवी होती. रोज ठरवायचो. पण बसवताना दाजींनी बघितलं असतं तर विचारलं असतं, ही आधी कुठे होती? म्हणून नाही बसवली. मग दाजी गेले. फाटकाशी उभा राहिलो, आत यायला पाय उचलेना, संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुला गाडी का दिली? मोडीत काढायला हात धजला नाही, आणि विकली तर कोणीतरी अनोळखी माणूस जोरात चालवेल ही भीती. वाटलं, तुझ्याकडे उभी राहील. तुला मी ओळखत नव्हतो असं म्हणायचं की काय.

तू सहा-अकरा लिहिलंस तेव्हाच मला कळलं की जोड उघडलाय. तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं. 'कारण विचारू नकोस' लिहिलं, त्यात तुझ्या हातांवरचा अविश्वास नव्हता. तुझ्याहून चांगला हात मी घडवला नाही.

ताईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला हक्क नाही.

मामा


१७ एप्रिल

मामा,

उत्तराला उशीर केला. आधी राग होता. मग राग कोणावर करायचा ते कळेना, कारण बाबा नाहीत आणि तू माझा आवाज पोचत नाही अशा ठिकाणी. चार दिवस गॅरेजात नुसते बोल्ट निवडून डब्यांत भरले. मालक म्हणाले, "सुट्टी घे." मी म्हटलं, बोल्ट संपू देत.

शर्यतीचा अर्ज मागे घेतला. तुझ्या सांगण्यावरून नाही, चिरेमुळे.

आईसमोर तुझं पत्र ठेवलं. तिनं चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "शिडीवरून पडलेल्या माणसाच्या केसांत काचा कशा सापडतील? मी स्वतः वेचल्या होत्या त्या. एका वाटीत." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "ते दोघं इतक्या कष्टानं लपवत होते." आणि चष्मा काढून पत्रावर ठेवला. तिच्या मनात अजून काहीतरी आहे हे मला दिसलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

मग आठवड्यानं, मी कामाचे कपडे घालून निघत होते तेव्हा दारात म्हणाली, "ती गाडी मोडीत घालणार आहेस की नीट करणार आहेस?" मी म्हटलं, तू म्हणशील तसं. ती म्हणाली, "नीट कर. अर्धवट नको. नीट होत नसेल तर मोड."

तेव्हा मामा, मी ती नीट करणार आहे. ऑक्टोबरात त्याच टेकडीवर दुसरी शर्यत असते. तुझा जोड मी पूर्ण कापून काढणार, साठ सेंटिमीटरचा तुकडाच बदलणार. अडचण एकच आहे. लांब पेटी कापली की चासी मोकळी होईल आणि कुठेही पळेल. तिला जागच्या जागी धरायचं कसं? नऊ मिलिमीटर ओढून परत आणायचे कसे? हे मला इथे कोणी सांगू शकत नाही. तुझ्या हक्काचं नंतर बघू. आधी हे सांग.

ठिणगी


२ मे

ठिणगे,

सोबत तीन कागद आहेत, चित्रं काढली आहेत. हात कापतो, रेषा वाकड्या आहेत, आकडे सरळ आहेत.

दोन जड गर्डर आण, जराही बाक नसलेले, त्यांवर चासीचे सहा बिंदू बोल्टांनी बांध. कापायच्या आधी बांध, कापल्यावर नव्हे. मग कर्णाच्या लांब बाजूला साखळी लाव. कापल्यावर रोज थोडं ओढ, एकदम नको. नऊ हवे असतील तर अकरा ओढ, सोडल्यावर दोन परत जातील. लोखंड माणसासारखंच असतं, जिथे इतकी वर्षं राहिलं तिथे परत जायला बघतं.

नवीन तुकडा सरळ आडवा कापू नकोस, तिरका काप. सरळ जोडावर सगळा ताण एकाच रेषेत येतो. माझा जोड सरळ होता. घाई होती. आत बाही घाल आणि बाजूंना भोकं पाडून त्यांतूनही ती जोड. टाके छोटे, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात लावून बघ, कोमट असेल तरच पुढचा.

आणि स्प्रिंगा. चासी घट्ट झाली की त्या एक नंबर मऊ टाक. मालक हसतील. सैल चासी ही स्वतःच पाचवी स्प्रिंग असते, ती काय करेल याचा भरवसा नसतो, म्हणून लोक बाकीच्या चार कडक करत सुटतात. कणा घट्ट असला की पाय मऊ ठेवता येतात, आणि मग चाक रस्ता सोडत नाही.

काचांचं वाचलं. वाटीचंही. ताईला पत्र लिहायला चारदा बसलो.

मामा


२१ सप्टेंबर

प्रिय मामा,

मध्ये तुला नुसते आकडेच कळवत राहिले, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. मे आणि जून गर्डरांवर गेले. जुलैत साखळी. तू म्हणालास अकरा ओढ, मी शहाणपणा करून नऊच ओढले, सात झाले. मग तुझं ऐकलं. ऑगस्टमध्ये नवीन तुकडा बसला. मी पहिला टाका मारायच्या आधी मालकांनी टोपी काढली, गंमत म्हणून, पण नंतर परत घातली नाही.

काल शेवटचं मोजलं. ऐंशी किलोला एका बाजूला चार मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला चार. मी डायलवर बोट मारून बघितलं, अडकला तर नाही ना. नव्हता.

आज सकाळी मैदानावर नेली. मऊ स्प्रिंगांवर. काय सांगू, आता मी स्टिअरिंग फिरवते तेव्हाच ती वळते, माझ्यानंतर नाही. उजव्या वळणात मी वाट बघत राहिले की आता ते एकदम सगळं होणार, आणि काही झालंच नाही. आधी मी गाडीशी भांडायचे, आज रस्त्याकडे बघायला वेळ मिळाला. शंकू एकही पडला नाही. दुसऱ्या फेरीला मुद्दाम वेग वाढवला, तरीही नाही.

शर्यत अकरा ऑक्टोबरला. आई येते म्हणाली. मी म्हटलं, बाराव्या वळणापासून लांब उभी राहा. ती म्हणाली, "मी कुठे उभी राहायचं ते मला सांगू नकोस." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा, आणि यावर दांडी कुठे बसवायची ते तूही सांगू शकणार नाहीस.

तू ये म्हणून मी लिहिणार नाही. ते माझं काम नाही असं आईनं मला बजावलंय.

ठिणगी


१३ ऑक्टोबर

धाकट्या,

हे माझं पत्र आहे, लेकीचं नाही. तिचे दोन्ही हात दुखताहेत.

तेवीस गाड्या होत्या, तिचा सातवा नंबर आला. तिच्या पुढच्या सहाही गाड्या नव्या होत्या. मी बाराव्या वळणावर उभी होते. कठडा आता नवीन घातलाय. लोकांनी सांगितलं की गाडी येण्याआधी आवाज येतो, तसा आला. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून गेले होते. ती आली, वळली आणि गेली. एवढंच. मला गाड्यांतलं कळत नाही, पण एखादी गोष्ट एकसंध चाललीय की नाही ते शिवणकाम करणाऱ्या बाईला कळतं. शेजारचा माणूस म्हणाला, बाई, तुम्ही रडताय का. मी म्हटलं, धूळ आहे.

आता तुला जे सांगायचं ते. टायर फुटला हे ह्यांनी एक दिवसही खरं मानलं नाही. प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत तुझ्या गॅरेजात गेले होते. तू कुठेतरी बाहेर होतास. पाय पसरून, गाडीखाली आडवे होऊन त्यांनी ते चार ठसे बघितले. मोजणीचा माणूस. घरी येऊन मला सगळं सांगितलं, शिडीसकट. म्हणाले, "मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. तो आधीच अर्धा झालाय." म्हणजे तू त्यांच्यापासून लपवत होतास, ते तुझ्यापासून, आणि मी दोघांपासून. कोंबडं झाकून ठेवायला एका घरात तीन माणसं लागली.

त्यांनी तुला त्याच दिवशी माफ केलं. मी नाही केलं. पायासाठी नाही. तू त्यांच्या शेवटच्या दिवशी फाटकातून परत गेलास, त्यासाठी. माझ्या भीतीपोटी तू त्यांचा शेवटचा निरोपही घेतला नाहीस, असं मला वाटायचं. ठिणगीला तू लिहिलेलं पत्र वाचलं तेव्हा कळलं, पाय उचलेना म्हणजे काय. माझेही तुझ्याकडे यायला इतकी वर्षं उचलले नाहीत. तेव्हा तो विषय माझ्या बाजूनं संपला. तू पुन्हा काढू नकोस.

लेक सांगते तुझा हात कापतो आणि जेवण वेळेवर नसतं. खालची खोली रिकामी केली आहे. तिच्यात माझं शिलाईचं मशीन होतं, ते लोखंडी पायांचं, जड. ते आम्ही दोघींनी जिन्यावरून वर चढवलं, तिच्या दुखऱ्या हातांनी आणि माझ्या गुडघ्यानं. मी ते आता खाली आणणार नाही. शनिवारी लेक तुला घ्यायला निघेल, सामान बांधून ठेव.

ताई